गव्हाची बियर

जळगावच्या त्या बारमध्ये शेजारच्या टेबलावर पांढऱ्या टोपीतले एक आबा बसले होते. त्यांचं नाव मला आजही ठाऊक नाही. पुण्याहून आलेला त्यांचा मुलगा घरी न जाता त्यांना इथेच भेटत होता. त्याने हौसेने चायनीज मागवलं होतं. आबांनी नूडल्स हळूच बाजूला सारले आणि फ्राइड राइस वरणभातासारखा हाताने कालवून खाल्ला. मला वाटलं, म्हाताऱ्याला नूडल्स जमत नसतील.

मग मुलाने बेल्जियन पद्धतीची, ताकासारखी गढूळ बियर ओतली. आबांनी बोट बुडवून थेंब जमिनीवर शिंपडले आणि ग्लास उचलला.

"आबा, ही गव्हानी शे बरं का," मुलगा म्हणाला.

ग्लास ओठांशी थांबला. "गहू मी सोडेल शे."

"कवयपासून?"

"तू भांडीसन घर सोडं तवयपासून."

मुलाची मान खाली गेली. आबांनी ग्लास ठेवला आणि तो तळहाताने झाकला.

"पहिले घर चाल. मायना हातनी पोळी खाऊत. मंग पिसूत."

मुलाने बिल मागवलं. आबा घाईघाईने वेटरला म्हणाले, "भाऊ, ते नूडल्स बांधी दे. घर मी बी खासू."