मांजरपाटाची शिडं

कोल्हापुरात छाती न भरणारा माणूस म्हणजे काय चीज, ते बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. थोरल्या महाराजांचं राज्य, गल्लोगल्ली तालमी, दुधावर पोसलेली पोरं आणि त्यात मी, उसाच्या चिपाडागत. जर्मनची लढाई लागली आणि भरतीवाले आले तेव्हा आम्ही दोघे भाऊ एकाच रांगेत उभे राहिलो. दादाच्या छातीला फीत पुरेना. माझ्या छातीला फीत लावली आणि मोजणारा म्हणाला, "पावणं, श्वास घ्या की." मी म्हटलं, "घेतलाय." सगळी रांग खो खो हसली, एकटा दादा तेवढा हसला नाही. तो लामावर गेला. आमच्याकडं लढाईवर जाण्याला असंच म्हणत. मी कापडाच्या दुकानात गज हातात घेऊन परत उभा राहिलो.

घरी आई, वहिनी आणि मी. दुकानातून घरी यायचं तर तालमीवरून यावं लागे. कट्ट्यावरचं कुणी ना कुणी विचारायचंच, "काय रं, भाऊ लामावर आणि तू लुगडी मोजतोस व्हय?" थट्टाच ती, पण मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. म्हणून मी मागल्या बोळानं यायला लागलो आणि घरात शिरलो की बाहेर पडायचं नावच घेईना. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, तसं माझं झालं. मी जहाज करायला घेतलं.

जहाज मी जन्मात पाहिलेलं नव्हतं. समुद्रच पाहिला नव्हता तर जहाज कुठलं? गिरणीच्या ताग्यावर रंगीत कागदाचं तिकीट चिकटवलेलं येई, त्यातल्या एकावर तीन डोलकाठ्यांचं, भरल्या शिडांचं जहाज होतं. ते तिकीट मी पाण्यानं भिजवून अलगद सोडवून घेतलं. गाड्या करणाऱ्या सुताराकडून सागवानाच्या चिपा आणल्या. वहिनीच्या चुलीवर पाण्याचं पातेलं ठेवून त्याच्या वाफेवर एकेक चीप वाकवायची, सांगाड्यावर सरसानं बसवायची, सुकली की कानशीनं घासायची. डोलकाठ्या वेळूच्या, दोर मेण लावलेल्या सुताचे, शिडं मांजरपाटाची. तिकिटावर जहाजाची एकच बाजू दिसायची. दुसरी मी अंदाजानं केली.

वहिनी तांदूळ निवडत बघत बसायची. एकदा म्हणाली, "भावजी, ह्ये असल्याच बोटीतनं गेलं न्हवं?" ह्ये म्हणजे दादा, नवऱ्याचं नाव कोण घेतंय. मी म्हटलं, "मग काय, असल्याच." मला खरंच तसं वाटत होतं. जहाज म्हटलं की शीड, एवढीच माझी अक्कल.

"मग निजायला जागा कुठं?" तिनं विचारलं.

मी तेवढ्यासाठी वरच्या फळीला एक झाकण केलं आणि खाली बोटभर बाज ठेवली. दुसऱ्या दिवशी बघतो तर बाजेवर अंगठ्याएवढी गोधडी. चिंध्या जोडून, टाके घालून, काठासकट. त्या दिवसापासून ते जहाज माझं राहिलं नाही. ती रोज त्याच्यावरची धूळ पदरानं पुसायची आणि शिडाकडं बघून म्हणायची, "वारं पाठीवर असलं म्हंजे झालं."

आणि तिनं मारुतीला नवस बोलला. मारुती वाऱ्याचा लेक, तेव्हा हिशेब सरळ होता. "त्याला म्हणावं, तुझ्या बापाला सांग, आमच्या माणसाच्या बोटीमागं वाहा. सुखरूप आलं की रुईची माळ घालू." बाईमाणसानं मारुतीला शिवायचं नाही, म्हणून दर शनिवारी तेल घालायला मी जायचो आणि ती पायरीखाली हात जोडून उभी राहायची. तेल ओतताना मला बजावायची, "वाऱ्याचं सांगा, भावजी. इसरू नगासा."

असं वर्षामागून वर्ष गेलं. दादाचं कधी कळायचं, कधी महिनोन् महिने काही नाही. वहिनी वाळत चालली होती. झाडाचं पान हललं नाही की तिला जेवण जायचं नाही.

मग एक दिवस दुकानात एक शिपाई आला. हाताला दुखापत होऊन घरी परत आलेला, गडहिंग्लजकडचा, बायकोला लुगडं घ्यायला. त्यानं ताग्यावरचं तिकीट बघितलं आणि हसला. "असली बोट आता कुठं हाय, पावणं? आमाला न्हेलं ते लोखंडाच्या आगबोटीतनं. कोळसा खाती आन धूर सोडती. वाऱ्याचा आन तिचा काय संबंध न्हाय." लुगडं मोजता मोजता माझा गज थांबला. एवढा दुकानात उभा राहून चार लोकांत वावरणारा माणूस मी, आणि मला हे ठाऊक नसावं! कान तापले माझे. मालकानं विचारलं, ताप आलाय काय.

घरी येऊन मी लाकडाचं एक धुराडं तासलं. म्हटलं, हे बसवू आणि मग वहिनीला हळूच सांगू. मधली डोलकाठी काढून ते जागेवर धरतोय तोवर ती आली.

"ही चूल कशाला मांडलीसा बोटीवर?"

"वहिनी, हल्ली धुरावर चालतात म्हणं."

"आन शिडावर ठिणगी पडली तर?" तिचा चेहरा असा झाला की मी पुढचं गिळलं. तिनं धुराडं माझ्या हातातून घेतलं आणि चुलीत घातलं. डोलकाठी मुकाट्यानं परत बसवली मी. पुढच्या शनिवारी मारुतीपुढं तेल घेऊन उभा राहिलो तर मागायचं काय तेच कळेना. मागं वहिनी उभी. देवाला तोंड दाखवायची लाज वाटायला लागली मला. शेवटी म्हणालो, "काय ते तूच बघ बाबा."

लढाई मिटल्यावर बऱ्याच महिन्यांनी दादा आला. ठेसनावर मी त्याला ओळखलाच नाही. माझ्यापेक्षा बारीक, डोळे आत गेलेले, कुणी जोरात बोललं की दचकायचा. गल्ली लोटली आमच्या सोप्यात, तालमीची सगळी पोरं. आईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला. वहिनी चारचौघांत काय बोलणार? ती आत गेली आणि दोन्ही हातांनी जहाज घेऊन आली, त्याच्यापुढं ठेवलं.

पोरांतला एक म्हणाला, "बगा दादा, तुमी तकडं लढत हुता, आन तुमचा भाऊ ही खेळणी करत बसलाय." हसले सगळे. दादानं जहाजाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मी खाली बघितलं. आता हा खरं बोलणार आणि वहिनीच्या सगळ्या शनिवारांचं चारचौघांत हसं होणार, मी मेलो. त्यानं झाकण उचललं. गोधडी दोन बोटांत धरून बराच वेळ बघत राहिला.

"हीच," तो म्हणाला. "हितंच निजायचो."

"वारं?" वहिनीनं दाराआडून विचारलं.

"पाठीवर हुतं."

शनिवारी आम्ही नवस फेडायला गेलो. वहिनी पायरीखाली, आम्ही दोघे वर. दादानं रुईची माळ घातली आणि तिला ऐकू जाईल असं मोठ्यानं म्हणाला, "देवा, वारं चांगलं दिलंस." मग माझ्या हातातून वाटी घेऊन तेल ओतलं आणि रिकामी वाटी मला परत दिली.

मी हळूच म्हटलं, "दादा, मला म्हायती हुतं. आगबोटीचं."

"असू दे," तो म्हणाला. "मला सांग, भरतीच्या दिशी तुला लई लाज वाटली?"

"अजून वाटत्या."

"मी बोटीच्या बुडाशी, खेचरांच्या शेजारी, तोंडात घोंगडं कोंबून रडायचो रे. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. आन म्हणायचो, बरं झालं त्याची छाती भरली न्हाय, त्यो तरी घरात हाय." तो मारुतीकडं बघत होता, माझ्याकडं नाही. "तालमीत कुणाला सांगू नगंस."

खालून वहिनी म्हणाली, "काय बोलतायसा दोघं एवढं?"

"वाऱ्याचं," दादा म्हणाला.

मी वाटी पुसत खाली मान घालून उभा राहिलो.