चाळीसाव्या पानावरचं तिकीट

“काकाजी, हे पुस्तक वापस घ्या. दहा पानाच्या समोर जाऊनच नाही राहिली मी.”

वर्षाने माझं पुस्तक टेबलावर ठेवलं. तुमसरच्या एका राइस मिलमध्ये ती काट्यावर बसते, म्हणजे धानाच्या ट्रॉल्यांचं वजन कॉम्प्युटरवर घेते. मी टेलिफोनच्या नोकरीतून रिटायर झालेला माणूस. आता इथल्या मिलींचं नेटवर्क सांभाळतो. एका कॉम्प्युटरमधली माहिती दुसऱ्यात पोचते की नाही, एवढंच पाहायचं.

शेठजींनी तिला सांगितलं होतं, “दिवाळीपर्यंत नेटवर्क शिकून घे, सारं तुयाच हाती देतो. नाही जमलं तं नागपूरचा माणूस आणतो.” तो माणूस आला की काटाही त्याच्याकडे जाणार आणि ही पुन्हा बारदाना, म्हणजे रिकामी पोती, मोजायला. म्हणून तिने मला पुस्तक विचारलं होतं. मी मोठ्या रुबाबात नऊशे पानांचं इंग्रजी पुस्तक काढून दिलं.

“मंग काय वाचशील?”

तिने पिशवीतून एक पातळ मराठी पुस्तक काढलं. आयटीआय शिकणाऱ्या भाचीचं. पानोपानी चित्रं.

“हे तं पोरीसोरीयचं आहे,” मी हसलो.

“मी बी तं शिकूनच राहिली ना, काकाजी.”

मनातून मला राग आला होता. खोटं कशाला सांगू?

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा फोन आला. “वजन ऑफिसात पोचूनच नाही राहिलं. बाहेर ट्रॉल्यायची लाइन लागली. स्विचचे सारे दिवे एकदमच लुकलुकून राहिले.”

स्विच म्हणजे सगळ्या वायरी जिथे येऊन मिळतात ती डबी.

“स्विच गेला. नवा घेऊन येतो. हात लावू नको.”

“पर पुस्तकात एक चित्र आहे...”

“पुस्तक ठेव बाजूला,” म्हणून मी फोन ठेवला.

नवा स्विच काखोटीला मारून पोचलो, तर ट्रॉल्या सरकत होत्या. वर्षा आरामात वजनं घेत होती. तिने मला एक वायर दाखवली. तिची दोन्ही टोकं एकाच स्विचमध्ये घुसवलेली होती, त्यातलं एक तिने उपसून काढलं होतं. असं झालं की एका भोकातून निघालेला निरोप दुसऱ्यातून परत येतो, पुन्हा निघतो, पुन्हा येतो. त्या गर्दीत खऱ्या कामाचं काहीच पुढे जात नाही. याला लूप म्हणतात.

“कसं सापडलं?”

“चित्र पाह्यलं. मंग एकेक वायर हातात धरून टोकापर्यंत गेली.”

लूप केला होता मिलीचे हिशेब लिहिणाऱ्या दिवाणजींनी. दसऱ्याला मिलीतल्या सगळ्या यंत्रांची पूजा होते. त्यांनी स्विचही पुसला, कुंकू लावलं, फूल वाहिलं. त्यातल्याच एका वायरीचं मोकळं टोक खाली लोंबत होतं.

“पूजेच्या दिवशी तशी लोंबत ठेवू काय?” दिवाणजी म्हणाले. “रिकामं भोक दिसलं, खोसून देली.”

शेठजी दारात उभे राहून ऐकत होते. “नागपूरले फोन नाही करत आता,” एवढंच बोलले. काट्यावरच्या ट्रॉलीचं वजन वर्षाने दोनदा टाइप केलं. मला खरंच फार बरं वाटलं. नवा स्विच मी तसाच दुकानात परत नेऊन दिला.

दिवाळीनंतर ती आपणहून ते जाड पुस्तक घेऊन गेली. आठ दिवसांनी मिलीत गेलो तेव्हा म्हणाली, “काकाजी, याच्यात बसचं तिकीट भेटलं. चाळीसाव्या पानावर.”

“खूण असेल.”

“हो, पर त्याच्या समोरचे सारे पानं तं एकमेकायले चिकटूनच आहेत. उघडलेच नाही वाटते कोणी.”

मी चहा मागवला.

तेव्हापासून कोणी पुस्तक विचारलं, तर स्वतः शेवटच्या पानापर्यंत वाचलेलंच सांगतो. यादी फार लहान आहे. त्यात पहिलं वर्षाच्या भाचीचं.