मस्कतचा होकार

आमच्या एस.टी.डी. बूथवरून नगरला फोन लागायला जेवढा वेळ लागायचा, तेवढ्यात तिसगावहून निघालेली एस.टी. नगरला पोचायची. चेष्टा नाही करत. एक कांद्याचा व्यापारी सकाळी नंबर सांगून बसला, कंटाळून गाडीनं नगरला गेला, काम उरकून संध्याकाळी परत आला आणि मला म्हणाला, "लागला का गं?" मी म्हटलं, "न्हाई अजून." "मग राहू दे आता," म्हणाला आणि घरी गेला.

नव्वदीच्या दशकातली गोष्ट. वडिलांचं खताचं दुकान होतं. त्यातच काचेची केबिन टाकून त्यांनी बूथ काढला. बारावी झाल्यावर मी नुसती घरात बसून काय करणार, म्हणून मला बूथमध्ये बसवलं. गिऱ्हाइकाचा फोन केबिनमध्ये आणि त्याच लाईनीवरचा दुसरा माझ्या टेबलावर, लाईन जिवंत आहे का मेली ते बघायला. बहुतेक वेळा मेलेली असायची. 'या मार्गावरील सर्व लाईन्स व्यस्त आहेत' असं सांगणाऱ्या बाईशी आमच्याकडची माणसं बोलायची. "बाई, जरा बघा की, लई अर्जंट हाय," असं एका म्हाताऱ्यानं रिसीव्हर मानेत धरून, दोन्ही हात जोडून तिला सांगितलेलं मी पाहिलंय.

परदेशाचे फोन, इकडून लावणं परवडायचं नाही म्हणून, तिकडूनच यायचे. आसपासच्या गावांतली काही पोरं आखातात कामाला होती. त्यांना शुक्रवारी सुट्टी, म्हणून शुक्रवारी दुपारी त्यांच्या घरची माणसं आमच्या युरियाच्या गोण्यांवर येऊन बसायची. हळूहळू मी आवाजावरून देश ओळखायला लागले. दुबई बऱ्यापैकी. बहारीनचा माणूस विहिरीत उतरून बोलतोय असं वाटायचं. एक जण सिंगापूरला होता, त्याचा आवाज इतका स्वच्छ यायचा की त्याच्या आईला शेवटपर्यंत संशय होता. "ह्यो कुठं परदेशात न्हाई," ती मला हळूच म्हणायची, "पाथर्डीतच हाय."

सगळ्यांत वाईट लाईन मस्कतची. आपलं बोलणं तिकडं पोचायला वेळ, तिकडचं इकडं यायला वेळ, आणि वर आपलाच आवाज फिरून आपल्या कानात. एका आजीनं विचारलं, "बरं हाय का?" तिचाच आवाज परत आला. ती म्हणाली, "बरं हाय बाबा," आणि फोन ठेवून समाधानानं निघून गेली.

मी सगळ्यांना शिकवून ठेवलं होतं. एक प्रश्न विचारायचा, गप्प बसायचं, एक आवंढा गिळायचा, मग उत्तर येतं. पण ऐकतंय कोण! पैसे पोराचे चाललेत म्हणून जो तो एका दमात सगळं बोलून घ्यायचा.

मस्कतवाल्यांत एक वायरमन होता. त्याचे आई-वडील जवळच्या वस्तीवरून दर शुक्रवारी यायचे. फोन मी उचलायची. तो म्हणायचा, "नमस्कार. बाबा आलेत का?" मी म्हणायची, "आलेत. देते." एवढंच. बाकीचे सगळे "ए, कोन बोलतंय?" म्हणून खेकसायचे. हा एकटा नमस्कार म्हणायचा. एवढ्यावर माणूस आवडावा का? मला आवडला. आवडला तर आवडला.

पुढं त्याच्याच घरून मला मागणी आली, तेव्हा मी तोंड पाडून बसले होते. आनंद दिसला तर आई चिडवेल अशी भीती. तो सुट्टीवर आला, बघायचा कार्यक्रम झाला. त्यानं पोहे खाल्ले, शिक्षण किती ते विचारलं, "कळवतो" म्हणाला आणि मस्कतला निघून गेला.

मग शुक्रवारांमागून शुक्रवार गेले. बापाशी तो गाईचं बोलायचा, मोटारीचं बोलायचा, बहिणीच्या बाळंतपणाचं बोलायचा. कळवायचं तेवढं सोडून सगळं. मी टेबलाशी बसून पेनाची टोपणं चावायची. शेवटी माझ्या मामानं खर्ड्याचं एक स्थळ आणलं आणि खर्डेकरांना रविवारच्या आत हो की नाही पाहिजे होतं. आई म्हणाली, "मस्कतकडं डोळे लावून पोरगी म्हातारी करायची का?" तेव्हा असं ठरलं, की येत्या शुक्रवारी त्याच्या वडिलांनी फोनवर त्याला सरळ विचारायचं.

त्या शुक्रवारी दुकानात माझे आई-वडील, मामा, त्याचे आई-वडील आणि ज्यांचा काडीचा संबंध नाही असे बरेच जण जमले. अशा वेळी मुलीनं समोर थांबू नये म्हणून आईनं मला मागं जायला सांगितलं. वडील म्हणाले, "मग फोन कोण घेणार?" मी थांबले.

फोन आला. "नमस्कार. बाबा आलेत का?" मी "देते" म्हटलं आणि माझा रिसीव्हर कानालाच ठेवला. त्याचे वडील केबिनमध्ये शिरले आणि ओरडले, "जेवलास का रं?" आणि आवंढा-बिवंढा न गिळता लगेच, "पोरगी पसंत हाय का न्हाई, आज काय ते सांगून टाक, समदी इथं बसल्यात!"

ते अजून 'आज काय ते'वर होते, तेवढ्यात पलीकडून आलं, "हो, हो." मग खर्रर्र झालं आणि लाईन गेली.

"व्हय म्हनला!" ते बाहेर येऊन म्हणाले. "दोनदा म्हनला!"

पेढे आले. आईनं डोळ्याला पदर लावला. माझा पेढा मात्र हातातच राहिला. मस्कतचं उत्तर इतक्या लवकर कधीच येत नाही. तो 'हो' जेवणाचा होता. पसंतीचा प्रश्न तेव्हा समुद्रावर होता.

मी गप्प बसणाऱ्यातली नाही. सगळ्यांसमोर सांगून टाकलं. त्याचे वडील म्हणाले, "जेवला असता तर जेवलो म्हनला असता. हो कशाला म्हनंल?" आई म्हणाली, "तुझ्या जिभेला काही हाड? घरात पेढे आलेत आणि ही कारटी विघ्न काढतीय." मामा म्हणाले, "होकार तो होकार. मी सकाळच्या गाडीनं खर्ड्याला जाऊन नाही सांगून येतो."

म्हणजे उद्या मस्कतहून नकार आला की तेलही गेलं, तूपही गेलं. पण खरं सांगते, खर्ड्याचं मला काही नव्हतं. ज्यानं आपल्याला हो म्हटलंच नाही, त्याच्या घरात 'जेवलो'च्या जोरावर नांदायला जायचं, हे मला सहन होईना. इतका अपमान मला त्याआधी कधी वाटला नव्हता.

संध्याकाळी लाईन परत आली. वडील पाहुण्यांना स्टँडवर सोडायला गेले होते. दुकानात मी एकटी. त्याच्या राहण्याच्या जागेखाली कँटीन होतं, तिथला नंबर अडीअडचणीला म्हणून त्याच्या वडिलांनी आमच्याकडं देऊन ठेवला होता. मी तो फिरवला. पहिल्या फटक्यात लागला. जन्मात नगर कधी असं लागलं नाही. कँटीनवाल्यानं हिंदीत "रुको" म्हटलं आणि त्याला बोलावून आणलं.

"नमस्कार," मी म्हटलं. "तिसगावहून, बूथवरून बोलतेय. दुपारी तुम्ही 'हो' म्हणालात, ते कशाला?"

आवंढा गिळला.

"जेवलास का विचारलं ना बाबांनी? मग लाईनच गेली. का, काय झालं?"

"त्यांनी पुढं विचारलं होतं, मी पसंत आहे का. इथं पेढे वाटून झालेत."

एक आवंढा गिळला. दुसरा गिळला. लाईन गेली असं वाटून मी रिसीव्हर झटकला.

"पसंतीचं काय," तो म्हणाला, "ते माझं बघायला आलो त्याच दिवशी ठरलं होतं. पण तिथं सगळे बोलत होते, तुम्ही सोडून. तुम्हाला कुणी विचारलंय का नाही, मला समजेना. दर शुक्रवारी विचारीन म्हणायचो. फोन तुम्हीच उचलायच्या, पण मागं अख्खं गाव बसलेलं ऐकू यायचं. आत्ता आहे का कुणी?"

"न्हाई."

"मग सांगा. तुम्हाला मी पसंत आहे का?"

आईनं विचारलं नव्हतं, वडिलांनी नाही, खर्ड्याचं स्थळ काखेत घेऊन फिरणाऱ्या मामानं तर नाहीच. मला एकदम रडू आलं, आणि रडू आलं म्हणून त्याचाच राग आला. तो तिकडं "हॅलो, हॅलो" करत होता. सबंध तालुक्याला फोनवर बोलायला शिकवणारी मी, माझ्या तोंडातून शब्द फुटेना.

"आहात," मी शेवटी म्हटलं. आणि ते मस्कतला पोचेपर्यंत, दुकानात कुणी नसतानाही, लाजून टेबलाखाली वाकून बसले.