त्या दुपारी आम्ही पाण्याबाहेर आलोच नाही

कुदळे मॅडम गेल्या.

पाण्यात नाही. घरी, झोपेत, पहाटे कधीतरी.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. बुधवार पेठेजवळच्या एका जुन्या क्लबच्या तलावावर त्या दुपारची लेडीज बॅच घ्यायच्या. मी तिथे गेले ती पाठदुखीमुळे. डॉक्टर म्हणाले, पोहा. मला पाण्याची भीती एवढी, की कित्येक दिवस शिडीच सोडली नाही.

मॅडमनी घाई केली नाही. एके दिवशी माझ्या मानेखाली तळहात ठेवला, बस्स.

"कान बुडव गं. अर्धवट नको. कान बुडल्याशिवाय अंग हलकं होत नाही."

कान बुडवले.

आणि पुणं बंद झालं. हॉर्न, रिक्षा, शेजारच्या बिल्डिंगमधलं ड्रिलिंग, सगळं. फक्त माझाच श्वास, आणि वर दुपारचं पांढरट आभाळ. त्यात एक घार, तीही जणू तरंगायलाच शिकत असलेली.

मॅडमचा हात कधी निघून गेला, कळलंच नाही.

त्या मूळच्या खडकवासल्याकडच्या. भावांच्या मागोमाग कालव्यात उडी टाकून पोहायला शिकलेल्या. भाऊ ओरडायचे, पोरींचं काम न्हाय हे. "पाण्याला काय कळतंय, पोरगा हाय का पोरगी," असं म्हणून मॅडम हसायच्या. एरवी आमच्यासारखंच बोलायच्या, पण कालव्याचा विषय निघाला की भाषा गावाला जायची.

ओंकार हा त्यांचाच विद्यार्थी. शाळेतही जात नव्हता तेव्हा त्यांनी त्याला पाण्यात उतरवलेलं. क्लबने त्याला संध्याकाळच्या बॅचसाठी कोच म्हणून घेतलं, तेव्हा तो पेढे घेऊन आधी मॅडमकडे, तलावाच्या दारापाशी आला. बोलता बोलता पगार सांगून गेला. आनंदात होता बिचारा.

मॅडमच्या जवळजवळ दीडपट.

मॅडमनी पेढा खाल्ला. त्याच्या पाठीवर थाप मारली. मग पाण्यात उतरल्या आणि तळाशी जाऊन इतका वेळ बसल्या, की आम्ही एकमेकींकडे बघायला लागलो.

दुसऱ्या दिवशी त्या क्लबच्या सेक्रेटरींना भेटल्या.

"अहो मॅडम," ते म्हणाले, "तुमची लेडीज बॅच. बायका येतात, डुंबतात, जातात. शिवाय तुमच्याकडे यजमानांचा पगार आहेच की."

"मग उद्यापासून बॅचला त्यांनाच पाठवते."

सेक्रेटरी हसले. पगाराचं काय, तर बघू.

हे सगळं मॅडमनी आम्हाला चेंजिंग रूममध्ये केस पुसता पुसता सांगितलं. हसत हसतच. मग टॉवेल चेहऱ्यावर घेतला, तो बराच वेळ काढला नाही.

पुढच्या दुपारी बॅच संपल्याची शिट्टी झाली. रोजच्यासारखी.

देशपांडे काकू, सत्तरीच्या, शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून रिटायर झालेल्या, मधोमध पाठीवर आडव्या झाल्या.

"काकू, वेळ झाली," मॅडम म्हणाल्या.

"झाली असेल. आम्ही डुंबतोय."

आणि त्यांनी कान बुडवले.

मग त्यांच्या शेजारी एक जण. मग अजून एक. मग मी. काही ठरलेलं नव्हतं, खरंच सांगते. बघता बघता अख्खी बॅच पाठीवर. जाड, बारीक, नव्या लग्नाच्या, नातवंडांच्या. सगळ्या गप्प, हात पसरून. कोणाची बोटं कोणाच्या बोटांना लागत होती, सुटत होती.

"अगं बाहेर या गं! माझी नोकरी जाईल!"

काठावरून आलेलं मॅडमचं हे वाक्य मी ऐकलं, आणि मग मीही कान पूर्ण बुडवले.

नंतरचं मला स्वप्नासारखंच आठवतं. पाणी कोमट होतं. कडुलिंबाची पानं येऊन गालाला लागत होती. वर ऊन हळूहळू पिवळं होत चाललं होतं. बाहेर सेक्रेटरी आले होते, दारावर थापा मारत होते, पण लेडीज बॅच आत असताना पुरुषांनी यायचं नाही, हा नियम क्लबचाच. आम्हाला काहीच ऐकू येत नव्हतं.

मग पाणी एकदम हललं.

मॅडम उतरल्या होत्या. आमच्यामध्ये येऊन आडव्या झाल्या. डोळे मिटलेले. इतक्या वर्षांत त्यांना नुसतं पडून राहिलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

दारावर बसणाऱ्या मावशींनी बाहेरची हकीकत नंतर सांगितली. ओंकारची मुलं बॅचसाठी खोळंबली होती. सेक्रेटरी त्याला म्हणाले, तू तरी सांग त्यांना.

तो म्हणाला, "सर, मला पोहायला मॅडमनी शिकवलंय. एक तर माझ्याइतका पगार त्यांना द्या, नाहीतर त्यांच्याइतका मला द्या. तोपर्यंत मीही बॅच घेत नाही."

नोकरी कोणाचीच गेली नाही. पुढच्या महिन्यापासून मॅडमना ओंकारएवढा पगार मिळाला.

मागच्या वर्षांचा फरक मात्र मिळाला नाही. मी विचारलं, तर म्हणाल्या, "मागचं पाणी गेलं कालव्यानं. त्याच्यामागं कुठं धावू?"

पण त्यांना ते लागलेलं होतं. हेड कोचची जागा रिकामी झाली तेव्हा त्यांनी अर्ज केला, आणि ती ओंकारला मिळाली. तेव्हाही त्यांनी त्याचा पेढा खाल्ला. मात्र त्या दिवशी घरी लवकर गेल्या.

मी त्या वर्षी खराडीच्या ऑफिसात अप्रेझलच्या वेळी पहिल्यांदा तोंड उघडलं. माझ्यासारख्याच कामाचे शेजारच्या टेबलावरच्याला किती मिळतात, ते विचारलं. मॅडमना सांगितलं, तर केवढ्या खूश झाल्या!

आज बातमी कळली आणि हाफ डे टाकून आधी त्यांच्या घरी गेले, मग तलावावर.

गेट बंद. आत ओंकार एकटाच काठावर बसलेला. पूर्वीचे हेड कोच वारले तेव्हा क्लबने दिवसभर तलाव बंद ठेवला होता. आज तसाच त्याने ठेवला. कोणाला विचारलं नाही म्हणे.

मॅडम, आज पाण्यात कोणी उतरलेलं नाही. अगदी स्थिर आहे.

भरल्या मनाने तुमचा निरोप घेते.