कोरडं ताट

माणसाने इतकं लाडकं असू नये असा कायदा निघालाच, तर पहिली अटक आदिलाबादच्या आमच्या मेडिकल होस्टेलातल्या त्या भावी डॉक्टरला व्हावी, आणि त्याला पकडून देणारा मी असेन. मी इथला मेसचा स्वयंपाकी. आठवीत शाळा सोडली, साताऱ्याकडून फिरत फिरत इतक्या लांब आलो. पोरं मला मामा म्हणतात. हा तलमडुगूकडच्या कापसाच्या गावातून येईपर्यंत सुखदुःखाचा मामाही मीच होतो. मग पोरं जेवायला माझ्याकडे आणि रडायला त्याच्याकडे जायला लागली.

आमच्याकडे प्रत्येकाचं स्वतःचं स्टीलचं ताट असतं, काठावर नाव कोरलेलं. याच्या ताटावर नावच नाही, आईने 'सावकाश जेव' असं कोरून दिलेलं. आणि हा पठ्ठ्या उभ्याउभ्या सहा घासांत ताट रिकामं करणार! जेवणं उरकली की मांडणीतली ताटं बघायची ही माझी जुनी खोड. ताट धुऊन ओलं असलं तर पोर जेवलं, कोरडं असलं तर काहीतरी बिनसलं. मग दोन चपात्या झाकून मी त्याच्या खोलीवर जायचो. याने ते एकदा पाहिलं, दोन प्रश्न विचारले, आणि कोरडी ताटं हेरणारी दहा पोरांची टोळीच उभी केली. माझे गुडघे सांभाळत मी तिसरा मजला गाठावा, तर हा आधीच आत बसलेला. "या मामा, बसा. हा आत्ताच हासून राह्यला." हसवणार हा, आणि चपात्या माझ्या!

रविवारी हा खेड्यांत बीपी तपासायला जायचा. जाताना वर्गातली सगळ्यांत उदास पोरं निवडून न्यायचा. "यायले गोळी नाई, आजी पायजे," म्हणायचा. परीक्षेच्या धसक्याने झोप उडालेल्या एका तेलुगू पोराला त्याने मराठीशिवाय काही न येणाऱ्या म्हातारीसमोर बसवलं. म्हातारीचं बीपी उत्तम निघालं, पोराचं जास्त. तिने त्याच्या खिशात उकडलेल्या शेंगा कोंबल्या आणि पाठीवरून हात फिरवला. ते पोर परतताना गाडीत घोरत होतं. जिथे आजी पुरायची नाही तिथे हा हाताला धरून मानसोपचाराच्या डॉक्टरीणबाईंकडे न्यायचा आणि बाहेर बाकावर बसून राहायचा. हे सगळं चांगलंच होतं. म्हणून तर जास्त जळायचो.

शेवटी कॉलेजात त्याचा सत्कार झाला, 'कोरडं ताट' या कल्पनेबद्दल. शाल, नारळ, टाळ्या. तो बोलायला उठला आणि नेमकं माझ्या मनात आलं, गॅस बंद केला का? दोनदा बघून आलो होतो, पण माझ्या जिवाला तिसऱ्यांदा बघितल्याशिवाय थारा नसतो. पळत गेलो. गॅस बंदच होता. परत आलो तोवर भाषण संपलेलं. मनात म्हटलं, घे, सगळं तूच घे.

त्याच आठवड्यात निकाल लागला, आणि दुसऱ्या दिवसापासून 'सावकाश जेव' कोरडं दिसायला लागलं. टोळी सुट्टीला घरी गेलेली. मी ताट पाहिलं आणि गप्प बसलो. खोटं कशाला लिहू? दोन दिवस मुद्दाम गप्प बसलो. बघू दे की आता याच्याकडे कोण येतं! तिसऱ्या दुपारी मात्र थापता थापता दोन भाकरी त्याच्या नावाच्या जास्त झाल्या. भाकरी-पिठलं घेऊन जिना चढलो. दार उघडंच होतं. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले.

"एका विषयात गेलो, मामा. लोकायले धीर देत फिरतो, अन् मीच..."

"मग खाली का आला नाहीस?"

"कोन्या तोंडानं येऊ? भाषणात सांगतलं का हे सारं मी मामापासून शिकलो, तं तुमी उठूनच गेले. म्या म्हटलं, मामाले राग आला."

मी भाकरी त्याच्यापुढे सरकवली. गॅसचं सांगितलं. तो आधी हसला, मग रडला, मग भाकरी खाल्ली. आयुष्यात पहिल्यांदा सावकाश. त्या दोन दिवसांचं मात्र मी त्याला सांगितलं नाही. संध्याकाळी डॉक्टरीणबाईंकडे त्याला मी नेलं. बाहेरच्या बाकावर मी बसलो.

तो पास झाला, आता दूरच्या गावी नोकरीला आहे. जाताना मांडणीत एक नवं ताट ठेवून गेला, काठावर 'मामा' कोरलेलं. मी कढईच्या झाकणात उभ्याने खातो हे त्याने कधी पाहिलं कोण जाणे. रोज दुपारी त्याचा फोन येतो, "काऊन मामा, ताट ओलं हाय का?" त्याच्याशी खोटं बोलवत नाही, म्हणून आधी जेवतो, मग फोन घेतो.

फोन ठेवला की मनात येतं, तिकडे त्याचं ताट कोण बघत असेल? कुणीतरी बघत असू दे. जो कोणी असेल त्याचा मला आत्तापासूनच हेवा वाटतो.