जहाजाची वेळ

रोज पहाटे रत्नाकरराव आंघोळीला गेले, की अलकनंदाबाई न्हाणीघराच्या दाराकडे कान देत. पहिला तांब्या अंगावर पडल्याचा आवाज आला, की फडताळावरचं त्यांचं चावीचं घड्याळ उचलायचं, मोबाइलशी ताडून बघायचं, काटे चुकले असतील तर सरकवायचे, आणि पट्टा होता तसाच अर्धवट दुमडून परत ठेवायचा. तांब्याचे आवाज थांबेपर्यंत त्यांनी गॅसवर चहा चढवलेला असे.

संक्रांतीपासून हे चाललं होतं. रत्नाकरराव चौतीस वर्षं रेल्वेत गार्ड होते. मालगाडी झाशीहून सुटण्याआधी स्टेशनातल्या घड्याळाशी आपलं घड्याळ जुळवायचं आणि ड्रायव्हरला त्याचं आपल्याशी जुळवायला लावायचं, हा त्यांचा नेम. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, तरी गल्लीतली माणसं फाटकातून हाक मारत, "गार्डसाहब, कितने बजे?" आणि ते मिनिटासकट सांगत. पण या संक्रांतीपासून झोपताना काटे जुळवून घड्याळाला चावी दिली की ओढलेली चावी आत दाबायची राहून जाऊ लागली. कधी घड्याळ बंद पडे, कधी काटे भलतीकडेच जात. फेब्रुवारीत शेजाऱ्यांना चिरगावच्या बसमध्ये बसवून द्यायला गेले ते तीन तासांनी घरी आले, एका चपलेचा अंगठा तुटलेला. अलकनंदाबाईंनी काही विचारलं नाही. शेजारणीला मात्र त्यांनीच आपणहून सांगून टाकलं, "माझ्या चष्म्यासाठी मानिक चौकात पाठवलं होतं हो मीच."

मुलाच्या कानावर त्यांनी यातलं काही घातलं नाही. सुमेध अमेरिकेत, फ्लोरिडात. दर फोनवर त्याचं एक वाक्य ठरलेलं होतं: "झाशीत आता काय ठेवलंय? घर बंद करा आणि या इकडे." त्याला फक्त कारण हवं होतं. आणि रत्नाकररावांना कळलं असतं, तर त्यांनी ते घड्याळ पुन्हा हातात बांधलं नसतं.

जूनमध्ये दोघं फ्लोरिडाला गेल्यावर सुमेध आणि सून शलाका त्यांना घेऊन सात दिवसांच्या जहाजाच्या सहलीला निघाले. तिसऱ्या दिवशी जहाज जमैकाला लागलं. त्या सकाळीही रत्नाकरराव शॉवरखाली गेले तसं अलकनंदाबाईंनी घड्याळ उचललं. मोबाइलवर सहा वाजून दहा मिनिटं झाली होती. पण बाहेर बोळातल्या मोठ्या घड्याळात सात दहा. झाडलोट करणाऱ्या बाईला त्यांनी खुणेनं विचारलं. ती हसली आणि भिंतीकडे बोट करून म्हणाली, "शिप टाइम, ममा. ओन्ली शिप टाइम." जहाजाचं ते खरं, समुद्रात फोन बिघडला असेल, असं ठरवून त्यांनी काटे सात दहावर आणून ठेवले.

जहाजाच्या स्वतःच्या सहलीची बस भरली होती. सुमेधनं धक्क्याबाहेरची एक छोटी बस ठरवली. बाकीची सगळी मंडळी बेटावरच्या हॉटेलांत उतरलेली, जहाजावरचे हे चौघेच. उतरताना जिन्यापाशी पाटी होती: साडेचारच्या आत परत या. शलाकानं ती वाचून दाखवली आणि हसत म्हणाली, "बाहेरच्या बसनं गेलं तर जहाज थांबत नाही हं, आई. इथेच राहावं लागेल नारळ विकत."

बसमध्ये बसल्यावरही ते वाक्य अलकनंदाबाईंच्या कानात होतं. लाल शर्टातला तरुण गाइड माइकवर गाणी म्हणत होता. डोंगराच्या वळणावर समोरून ट्रक आला की बस कडेच्या झाडीत घुसे, झाशीजवळ बबीन्याच्या रस्त्यावर मिलिटरीच्या गाड्यांपुढे घुसते तशी. धबधबा झाला, फुलांची बाग झाली. त्यांनी पाहिलं ते एवढंच, की नवरा गर्दीत कुठे आहे.

दुपारी बागेतून बस निघायच्या बेतात होती. गाइडनं सांगितलं, आता शेवटचं एक दुकान, अर्धा तास खरेदी, मग चाळीस मिनिटांत बंदर. पावणेचारला पोचू, निवांत.

"पावणेचार कसे?" रत्नाकरराव मनगट डोळ्यांजवळ नेत म्हणाले. "आत्ताच तीन पस्तीस झालेत. सुमेध, जहाज साडेचारला."

"बाबा, दोन पस्तीस." सुमेधनं फोन पुढे धरला. "ये देखो. हा आपोआप जुळतो, सॅटेलाइटवरून."

"माझाही तेच दाखवतोय, बाबा," शलाका म्हणाली.

"अरे यार बाबा, एक तास पुढे! तुमची मालगाडी आज बिफोर टाइम." सुमेध हसला. पुढच्या बाकावरचे दोघंही, न कळता, हसले.

रत्नाकररावांनी फोन पाहिला, घड्याळ पाहिलं. चेहऱ्यावर जे आलं ते अलकनंदाबाईंनी फेब्रुवारीत दारात पाहिलं होतं.

घड्याळ बरोबर होतं. त्यांना ते माहीत होतं, कारण ते त्यांनीच लावलं होतं. पण हे सांगायचं तर बाकीचं सगळंच सांगावं लागणार होतं, आणि तेही ह्यांच्यासमोर.

"सुमेध, मला गरगरतंय," त्या म्हणाल्या. "आपण जहाजावरच जाऊ या रे सरळ."

"आई, दुकानात एसी आहे. दहा मिनिटं बस तिथे, बरं वाटेल." शलाकानं पाण्याची बाटली उघडून दिली. गाइडनं आल्याची गोळी आणून दिली. ड्रायव्हरनं बस सुरू केली. कुणाचंच काही चुकत नव्हतं, आणि काटा पुढे सरकत होता.

गोळी तोंडात तशीच ठेवून त्यांनी वळून पाहिलं. रत्नाकरराव खिडकीकडे तोंड करून, कुणाला दिसू नये अशा बेतानं, नखानं घड्याळाची चावी बाहेर ओढत होते. काटे एक तास मागे घ्यायला.

"थांबा," अलकनंदाबाई म्हणाल्या. हात धरला त्यांनी. "अहो, नका. ते बरोबर आहे."

"अगं, त्याच्या फोनमध्ये—"

"बरोबर आहे. सकाळी जहाजाच्या घड्याळावरून मीच लावलंय." मग त्या मुलाकडे वळल्या, कारण नवऱ्याकडे बघून पुढचं बोलवलं नसतं. "यांचं घड्याळ रोज मी लावते, सुमेध. रोज सकाळी. चुकतं म्हणून. आज सात दहाला लावलं, तेव्हा माझ्या फोनमध्ये सहा दहा होते. त्या बाईनं सांगितलं, जहाजाची वेळ वेगळी. फोन बेटाची वेळ सांगतोय रे. ते जहाज त्याच्या वेळेनं जाईल."

सुमेध आ वासून आधी आईकडे आणि मग बापाकडे बघत राहिला. शलाका मात्र ताडकन उठून पुढे गेली. शिप टाइम एवढे दोनच शब्द ऐकून पिकल्या केसांच्या ड्रायव्हरनं मान वळवली, स्वतःच्या मनगटाकडे पाहिलं आणि गाइडला त्यांच्या भाषेत असं काही सुनावलं, की त्यानं माइक खाली ठेवला. गाइडची रोजची गिऱ्हाइकं हॉटेलातली, जहाजाचा हिशेब त्याच्या डोक्यातच नव्हता.

"भैया, जल्दी चलिए!" अलकनंदाबाई जागेवरून ओरडल्या. ते ड्रायव्हरला नीट समजलं.

दुकान मागे पडलं. हॉटेलवाली मंडळी कुरकुरली, मग गप्प झाली. एका उसाच्या ट्रकामागे बस सहा मिनिटं रखडली. ती सहा मिनिटं रत्नाकररावांच्या मनगटावरूनच मोजली गेली, पण त्यांनी स्वतः तिकडे पाहिलं नाही. बंदराच्या फाटकापासून चौघं पळत सुटले. जिन्याचे दोर सोडायला माणसं उभी होती. चार पंचवीस.

जिना चढल्यावर सुमेध धापा टाकत एवढंच म्हणाला, "आई, घरी गेल्यावर बोलू आपण." आणि बापाची पिशवी, न मागता, आपल्या हातात घेतली.

वरच्या मजल्यावर जाऊन रत्नाकरराव कठड्याजवळच्या बाकावर एकटे बसले, मधोमध. अलकनंदाबाई थोडा वेळ लांब उभ्या राहिल्या. मग जवळ गेल्या.

बेट हळूहळू मागे सरकत होतं.

"कधीपासून?" रत्नाकररावांनी विचारलं.

"संक्रांतीपासून."

"किती चुकायचं?"

"कधी पाच मिनिटं, कधी दहा."

"खरं सांग."

"एकदा चाळीस."

"चाळीस," ते म्हणाले. रेल्वेत असताना कुणी गाडीला झालेला उशीर सांगावा आणि त्यांनी तो नोंदून घ्यावा, तसं. घड्याळाच्या काचेवरून त्यांनी अंगठा फिरवला. "मला सांगायचं नाहीस?"

अलकनंदाबाईंचे पाय दुखत होते. पदरानं त्यांनी मानेवरचा घाम पुसला.

"अहो, जरा तिकडे सरका," त्या म्हणाल्या. "उभं राहून पाय भरून आलेत माझे."