कवट्या, जबडे आणि बापट सर

शर्वरीमावशीच्या लॅबमधले किस्से मी कुणाला सांगत नाही, म्हणून ते नुसते साठत जातात. कर्वेनगरच्या एका कॉलेजात ती छोट्या माकडांच्या लिंबाएवढ्या कवट्या आणि जबडे ताडून बघते. तिचे गाइड बापट सर रिटायर झाले की लॅबची खोली जाणार होती आणि कवट्यांचं कपाट गोडाउनमध्ये. सुट्टीत मी तिच्याबरोबर जायचे.

पहिल्याच दिवशी सरांनी माझ्यापुढे दोन खालचे जबडे ठेवले. "मार्मोसेट कोण आणि टॅमरिन कोण?"

दोन्ही छोट्या माकडांच्याच जाती. मार्मोसेट झाडाची साल खरवडून डिंक खातं, म्हणून त्याचे पुढचे दात सुळ्यांएवढेच उंच. टॅमरिनचे सुळे वर डोकावतात. मला दिसत होतं, पण बोलवेना. मी नुसतं बोट ठेवलं.

"बोट हुशार आहे," सर म्हणाले. "तोंड कधीपासून येणार?"

दातांची मुळं बघायला एक्स-रे हवा होता. सर आम्हाला घेऊन नारायण पेठेत त्यांच्या डेंटिस्टकडे गेले.

"पेशंट कुठे आहे?" रिसेप्शनवरच्या बाईंनी विचारलं. सरांनी खिशातून डबी काढून उघडली. बाईंनी आत पाहिलं.

"थांबावं लागेल हं."

"थांबतो की! त्याला घाई नाही."

एकदा मावशीने जबडे धुऊन गच्चीत वाळत घातले. कावळ्याने एक उचलला!

"सर, आता रेकॉर्डमध्ये काय लिहू?"

"खरं ते लिही. शेवटचं दिसलं तेव्हा माकड उडत होतं."

सगळे हसले. त्या जबड्याची कवटी मात्र मावशीला कामातून काढून टाकावी लागली. कवटीला तिचाच जबडा हवा, नाहीतर मोजमाप फुकट.

सरांच्या निरोपाच्या दिवशी निम्म्या जोड्या मोजायच्या राहिल्याच होत्या. एकाच जातीत कोणत्या कवटीचा जबडा कोणता, हे फक्त दोऱ्याने बांधलेल्या नंबरांच्या चिठ्ठ्यांवरून कळायचं.

एमएस्सीच्या मुलांनी सरांना सरप्राइज म्हणून सकाळीच येऊन कपाट आवरलं होतं. नवे डबे, कापूस, लाल रिबन. एका डब्यात सगळ्या कवट्या, दुसऱ्यात सगळे जबडे.

"सर, त्या मळक्या चिठ्ठ्यासुद्धा काढून टाकल्या!"

मावशीचा चेहरा पांढराफटक पडला. आता सर काय बोलतात, या भीतीने मी खालीच बघत राहिले.

सरांनी दोन्ही डबे उघडले. बराच वेळ आत पाहिलं. मग झाकणं हलकेच लावली.

"सुंदर केलंत रे," ते म्हणाले. "शर्वरी, केक आण."